रक्त त्याच माणसाचं, मग नळी बदलली तर काय बिघडलं?

पत्र

ताई, मी सहा महिन्यांपासून एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये सॅम्पल गोळा करायच्या कामावर आहे. मागच्या आठवड्यात वॉर्डमधल्या एका आजोबांची शीर काही केल्या सापडेना. तिसऱ्यांदा टोचल्यावर जांभळ्या बुचाची ट्यूब भरली आणि रक्त यायचं थांबलं. लाल ट्यूब रिकामीच राहिली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला परत टोचवेना. मी जांभळीतलं थोडं रक्त लालमध्ये ओतलं आणि दोन्ही पाठवून दिल्या. तासाभरात लॅबचा फोन आला. पोटॅशियम मशीनच्या मोजपट्टीबाहेर गेलं होतं आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य होतं. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. रक्त तर त्याच माणसाचं होतं ना? तेव्हापासून माझा हात थरथरतो. आठवड्याला माझी चार-पाच सॅम्पल हिमोलाइज झाली, म्हणजे आतल्या तांबड्या पेशी फुटल्या, म्हणून परत येतात, ते वेगळंच. लघवी, बेडका पेशंट स्वतः आणून देतात, तो खराब निघाला तरी ऐकून मलाच घ्यावं लागतं. हे काम सोडून द्यावं का?

ता. क. तीन आठवड्यांपूर्वी सुई टोपणात परत घालताना बोटाला टोचली होती. थेंबभरच रक्त आलं. कुणाला सांगितलं नाही.

— थरथरत्या हातांची

उत्तर

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू सहीच्या आधी, ता. क. म्हणून घाईत लिहिलंस. मी तिथूनच सुरुवात करते. आजोबांच्या पोटॅशियमचं आपण नंतर बघू.

हे वाचून झालं की उठ आणि तुझ्या प्रमुखांना किंवा रुग्णालयातल्या संसर्ग-नियंत्रण सिस्टरांना सुईचं सांग. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं टोचल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, खरं तर पहिल्या काही तासांतच. ती वेळ निघून गेली आहे, हे तुला सांगायलाच हवं. पण बाकीचं सगळं अजून हातात आहे. तुझी आजची रक्ततपासणी, डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा तपासणी, हिपॅटायटिस बी लसीचे राहिलेले डोस, आणि ती सुई कोणत्या पेशंटची होती ते आठवत असेल तर त्याच्या रिपोर्टची चौकशी.

आकडे ऐक, कारण रात्री एकटीने विचार केला की सगळे आजार सारखेच भयंकर वाटतात. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण हजारात तीन असते. हिपॅटायटिस सी असेल तर शंभरात दोनाहून कमी. हिपॅटायटिस बी असेल आणि लस घेतलेली नसेल, तर मात्र पेशंटच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर शंभरात सहापासून तीसपर्यंत. म्हणजे तिघांतला सगळ्यात सहज लागणारा आजार नेमका तोच, ज्याच्यावर चांगली लस आहे. तुझे तिन्ही डोस झालेत का? त्यानंतर अँटिबॉडी तपासली होती का? त्या १० किंवा त्याहून जास्त आल्या असतील, तर या एका बाबतीत तू निवांत झोपू शकतेस. या दोन प्रश्नांची उत्तरं ठाऊक नसताना सुई हातात घ्यायचीच नसते. तुला ती कुणी दिली, हा प्रश्न मी तुझ्या वरिष्ठांना विचारला असता.

पुढे कधी टोचलंच, तर बोट दाबून रक्त काढत बसू नकोस, तोंडात घालू नकोस, ब्लीचमध्ये बुडवू नकोस. वाहत्या पाण्याखाली साबणाने धू आणि लगेच कळव. वापरलेल्या सुईवर टोपण परत चढवायचं नाही. माझी खात्री आहे की तुझी सुयांची पेटी त्या दिवशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. चार पावलं वाचावीत म्हणून तू टोपण घातलंस, हो ना? पेटी हाताच्या अंतरावर घेऊन बसायचं. सुई शिरेतून निघाली की ती दुसरीकडे कुठेही न टेकता थेट पेटीत गेली पाहिजे. पेटी तीन-चतुर्थांश भरली की बंद करायची. दाबून आणखी चार सुया बसवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या एकाचा अंगठाही.

आता आजोबा.

जांभळ्या ट्यूबच्या तळाशी आणि कडांना जो पांढरट फवारा दिसतो, तो ईडीटीए. बहुतेक ट्यूबमध्ये तो पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतो. त्याचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवायचं. कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. म्हणजे जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त पडलं की त्यात बाहेरचं पोटॅशियम मिसळतं आणि आतलं कॅल्शियम कामातून जातं. तू ते रक्त लालमध्ये ओतलंस तेव्हा हे दोन्ही बदल सोबत गेले. लॅबने जे मोजलं ते अगदी बरोबर मोजलं. पोहऱ्यात जे आलं ते आडातलंच, असं लॅब धरून चालते. इथे पोहऱ्यातच मीठ होतं. रक्त त्याच माणसाचं होतं हे खरं, पण ट्यूबमध्ये गेल्यावर ते त्याच्या अंगातल्यासारखं राहिलं नव्हतं.

आणि तुझी चूक लॅबला कशी कळली ते सांगू? लाल ट्यूबमधलं रक्त अर्ध्या तासात गोठायला हवं. तुझं गोठलंच नसणार. ट्यूब आडवी केली की पाण्यासारखं इकडून तिकडे वाहत असणार. पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. ७ च्या पुढे गेलं की हृदयाची लय बिघडायची भीती. आणि तुझे आजोबा तर पलंगावर बसून कुणाशी तरी बोलत होते. म्हणून फोन आला. भीती वाटते ती या चुकीच्या धाकट्या भावाची. एखाद-दोन थेंबच गेले असते, पोटॅशियम ६ आलं असतं, तर कुणालाच शंका आली नसती आणि आजोबांना गरज नसताना ते उतरवायचं औषध मिळालं असतं.

ट्यूब ठरावीक क्रमाने भरायच्या त्या याचसाठी. आधी कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या बाटल्या, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, आणि शेवटी करडी. पाठ करण्यापेक्षा कारण लक्षात ठेव, म्हणजे क्रम आपोआप आठवतो. एका ट्यूबमधलं औषध सुईवाटे पुढच्या ट्यूबमध्ये जाऊ शकतं, म्हणून सगळ्यात उपद्रवी औषधं शेवटी. कल्चरला बाहेरचे जंतू चालत नाहीत, म्हणून ते सगळ्यात आधी. आणि बुचाच्या रंगावर डोळे मिटून विसंबू नकोस. कंपनी बदलली की रंगछटा बदलते. ट्यूबवर छापलेलं औषधाचं नाव वाचायचं.

निळीचा एक खोडसाळपणा सांगून ठेवते. तिच्यात सायट्रेटचं, रक्त गोठू न देणारं द्रावण असतं आणि हिशेब नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असा ठरलेला असतो. ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी भरलीस तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच वाढलेला दिसतो. बटरफ्लाय सुईने, म्हणजे बारीक नळी जोडलेल्या सुईने काढताना निळी पहिली लावलीस तर त्या बारीक नळीतली हवा ट्यूबमध्ये जाते आणि तेवढं रक्त कमी भरतं. म्हणून आधी एक फुकटची ट्यूब लावून हवा काढून टाकायची, ती फेकायची, मग खरी निळी लावायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं मी कमी भरलेल्या निळ्या ट्यूबना ट्यूबचाच दोष समजत होते.

मग त्या दिवशी करायला काय हवं होतं? दोनदा टोचून जमलं नाही की थांबायचं आणि दुसऱ्याला बोलवायचं. यात कमीपणा कसला? ज्यांचा हात मी आयुष्यभर वाखाणला, ते आमचे वरिष्ठ दुसऱ्या टोचणीनंतर सुई खाली ठेवून म्हणायचे, "आज माझा दिवस नाही, तू बघ." आणि रक्त कमीच मिळणार अशी लक्षणं दिसली तर टोचण्याआधी लॅबला फोन करायचा. दीडेक मिलिलिटर मिळेल असं वाटतंय, कोणती तपासणी आधी हवी? लहान मुलांच्या ट्यूब असतात, कमी रक्तात चालणाऱ्या तपासण्या असतात. लॅबमधली माणसं ओरडतात ती ट्यूब आल्यावर. आधी विचारलंस तर तीच माणसं चांगली बोलतात, करून बघ.

म्हाताऱ्या माणसांच्या शिरा दिसतात ठसठशीत, पण त्वचेखाली सैल असतात. सुई लागली की बाजूला सरकतात. शिरेच्या खाली, दोन-तीन बोटांवर, अंगठ्याने त्वचा मनगटाकडे ताणून धर आणि सुई तिरकी, तीस अंशांपेक्षा कमी ठेव. हात आधी थोडा वेळ पलंगाखाली लोंबू दे, कोमट कापडाने शेक. कोपराच्या खळगीत मधली आणि अंगठ्याच्या बाजूची शीर आधी शोध. करंगळीच्या बाजूला धमनी आणि मज्जातंतू जवळ असतात, तिथे शेवटचा पर्याय म्हणूनच जायचं. सलाईन चालू असलेल्या हातातून घ्यायचं नाही, नाहीतर सलाईनचाच रिपोर्ट येईल.

हिमोलाइजचं मात्र नीट बसून बघू, कारण तुझा थरथरणारा हात आणि तुझी परत येणारी सॅम्पल यांचं नातं आहे असा मला संशय आहे.

तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. पेशी फुटली की ते सिरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळ्या होणाऱ्या पाण्यात येतं. एलडीएच, एएसटी ही पेशीतली विकरं येतात, आणि हिमोग्लोबिनही येतं. त्याचा रंग सिरमला चढतो. सेंट्रिफ्यूज या यंत्रात गरगर फिरवायच्या आधी ट्यूब बघून काहीच कळत नाही. यंत्र थांबल्यावर ट्यूब उचलून उजेडात धरली की दिसतं. चांगलं सिरम वाळल्या गवताच्या रंगाचं असतं, बिघडलेलं आधी गुलाबी, मग चेरीसारखं लाल.

पेशी फुटतात कशाने? सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढल्याने. बारीक सुईतून ओढल्याने. सिरिंजमधलं रक्त सुईसकट ट्यूबच्या बुचात खुपसून दाबल्याने. स्पिरिट वाळायच्या आत टोचल्याने. ट्यूब खळखळा हलवल्याने. शिरेत आधीपासून असलेल्या कॅन्युलामधून ओढल्याने. घाबरलेला माणूस काय करतो ते आठव. शीर सापडली की रक्त लवकर घ्यावं म्हणून तो दट्ट्या खेचतो. सिरिंजमध्ये वर फेस दिसतो का तुला? बारीक बुडबुडे? ते दिसले की समज, ओढ जास्त झाली. दट्ट्या इतकाच ओढायचा की रक्त मागोमाग आलं पाहिजे, दट्ट्या आणि रक्त यांच्यात पोकळी दिसता कामा नये. मोठ्यांना २१ किंवा २२ नंबरची सुई, नाजूक शिरेला २३. सिरिंज वापरलीच तर रक्त ट्यूबमध्ये घालायला वेगळं जोडणीचं साधन मिळतं. ते नसेल तर बूच काढून, सुई पेटीत टाकून, ट्यूबच्या कडेने सावकाश सोड. हे करताना ट्यूब हातात धरू नकोस, स्टँडमध्ये ठेव. आणि जमेल तिथे सिरिंज सोडून सरळ व्हॅक्युम ट्यूबनेच घे, ती रक्त आपोआप ओढून घेते.

दंडाचा पट्टा कोपराच्या चार बोटं वर बांधायचा आणि एका मिनिटात सोडायचा. पट्टा बांधून शीर शोधण्यात तीन मिनिटं गेली, तर सोडून दोन मिनिटं थांब आणि परत बांध. पेशंटला मूठ उघडझाप करायला सांगायची सवय सगळ्यांना असते, मलाही होती. त्यानेही पोटॅशियम चढतं. मूठ एकदा मिटायला सांग, तेवढं पुरे.

ट्यूब हलवणं म्हणजे उलटी-सुलटी करणं. तळ वर, तळ खाली, हे एकदा. जांभळी, हिरवी, करडी आठ-दहा वेळा, निळी तीन-चार वेळा, तीही भरल्या भरल्या. सगळ्या ट्यूब भरून झाल्यावर मग हलवू म्हणालीस तर जांभळीत गुठळी झालेली असते आणि प्लेटलेट कमी दिसतात.

पुढचे दोन आठवडे एक वही ठेव. प्रत्येक सॅम्पलपुढे चार गोष्टी लिही: सिरिंज की व्हॅक्युम, सुईचा नंबर, शीर कुठली, पट्टा किती वेळ. जे परत येईल त्याच्यापुढे फुली मार. माझा अंदाज आहे की फुल्या एकाच रकान्यात गोळा होतील. आणि एखाद्या पेशंटचं नीट घेतलेल्या दुसऱ्या सॅम्पलचं सिरमही लालच आलं, तर ते दडवू नकोस, मुद्दाम डॉक्टरांच्या कानावर घाल. कधी कधी पेशी पेशंटच्या अंगातच फुटत असतात, आणि ते पहिल्यांदा दिसतं ते आपल्यालाच.

आता मी माझी एक चूक सांगते. तुझ्यापेक्षा मोठी आहे. नोकरीतलं दुसरं वर्ष. शेजारशेजारच्या दोन पलंगांवर एकाच नावाच्या दोन बायका, आडनावं वेगळी. दोघींचं रक्त रक्तगटासाठी हवं होतं. मी दोन्ही ट्यूब भरल्या, एप्रनच्या खिशात टाकल्या आणि टेबलाशी जाऊन सावकाश सुवाच्य अक्षरात लेबलं लिहिली. अक्षर फार छान होतं. ट्यूबची अदलाबदल झाली होती. रक्तपेढीतल्या बाईंनी जुनी नोंद काढून बघितली, आधीचा गट बी, आता ओ. त्यांनी फोन केला म्हणून मी आज हे सदर लिहिते आहे. त्या दुसरीची जुनी नोंद नव्हती. दोघींचीही नसती तर कुणालाच कळलं नसतं, आणि बाटली पलंगापर्यंत गेली असती.

म्हणून लेबल पलंगाशीच, रक्त काढून झाल्यावर, तिथून हलायच्या आत. आणि पेशंटला "तुम्ही अमुकच ना?" असं कधीही विचारू नकोस. झोपेतला, बहिरा, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा," असं विचारायचं आणि कागदाशी, मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. दहाव्यांदा विचारलं म्हणून पेशंट वैतागला तरी चालेल. मी तर सांगून टाकते, एकदा चुकले होते, म्हणून विचारते. मग कुणी वैतागत नाही.

वेळेचं थोडक्यात. साध्या ट्यूबमध्ये न फिरवता ठेवलेल्या रक्तातली साखर दर तासाला शेकडा पाच ते सात कमी होत जाते, कारण ट्यूबमधल्या पेशी जिवंत असतात आणि ती खात बसतात. करड्या ट्यूबमधलं फ्लोराइड त्यांना थांबवतं, पण त्यालाही पहिला तास-दीड तास लागतो, तेव्हा करडी आहे म्हणून रेंगाळायचं कारण नाही. लाल ट्यूब अर्धा तास उभी गोठू दे, दोन तासांच्या आत फिरव. उशीर होणार म्हणून ती न फिरवता फ्रीजमध्ये टाकलीस तर पेशी पोटॅशियम आत धरून ठेवू शकत नाहीत, तेही वाढलेलं येतं. फ्रीज हा सगळ्यावरचा उपाय नाही. ट्यूब न्यायच्या त्या उभ्या, बंद पिशवीतून, आणि कागद वेगळ्या कप्प्यात. रक्ताने भिजलेला फॉर्म हाताळणाऱ्या माणसाने काय पाप केलंय?

ताप आलेल्या पेशंटचं कल्चर हे वेगळंच प्रकरण. प्रतिजैविक सुरू होण्याआधी, दोन वेगवेगळ्या जागांवरून, मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर. त्वचा चोळून पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. वाळल्यावर शीर कुठे होती ते बोटाने परत चाचपायचं नाही. बाटलीचं बूचही पुसायचं. इथे घाई केलीस तर त्वचेवरचे निरुपद्रवी जंतू बाटलीत वाढतात आणि पेशंट कारण नसताना आठवडाभर औषधं घेतो. ही बाटली फ्रीजमध्ये कधीच नाही.

तसंच पाठीच्या मण्यातल्या पाण्याचं. ते काढतात डॉक्टर, पण नेऊन पोचवतेस तू. मेंदूज्वराचे काही जंतू थंडीत मरतात, म्हणून कल्चरची ट्यूब गार करायची नाही. आणि तासाभरातच त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विरघळून जाऊ शकतो. ट्यूबांवर नंबर असतात, त्यांची अदलाबदल करू नकोस. पहिलीत सुईच्या जखमेचं रक्त उतरलेलं असू शकतं, म्हणून पेशी शेवटच्या ट्यूबमधून मोजतात. हे सॅम्पल ट्रेमध्ये ठेवून यायचं नाही. माणसाच्या हातात द्यायचं, "मण्यातलं पाणी आहे" असं तोंडाने सांगायचं. रक्त परत काढता येतं. हे मागायला परत जावं लागलं तर पेशंटच्या आईच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

राहिली पेशंटनी स्वतः आणलेली सॅम्पल. ती खराब निघतात कारण आपण डबी हातात देतो आणि सांगत नाही. लाज वाटते, गर्दी असते, मागे रांग असते. तुझं स्वतःचं एक वाक्य तयार ठेव. लघवीला: "हात धुवा, जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडा, मधली डबीत धरा, उरलेली सोडा, डबीच्या आत बोट लावू नका." कल्चरसाठी असेल तर दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रीजमध्ये, तेही २४ तासांच्या आत. कॅथेटर असेल तर पिशवीतली कधीच घ्यायची नाही. नळीवरचं तोंड पुसून तिथून सिरिंजने ओढायची. चोवीस तासांच्या लघवीत बहुतेक सगळे एकच चूक करतात, सकाळची पहिली धरतात. ती टाकायची, वेळ लिहायची, तिथून पुढची प्रत्येक धरायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटची धरायची. मी हे कागदावर लिहून देत असे आणि पेशंटकडून उलट म्हणवून घेत असे.

बेडका आणि थुंकी यांतला फरक मात्र दाखवावाच लागतो. "छातीतून खोकून काढा" एवढं म्हटलं की लोक तोंडातलं पाणी डबीत सोडतात. सकाळी उठल्या उठल्या, साध्या पाण्याने चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन मग पोटातून खोकायला सांग. दाट, पिवळट, चिकट आलं तर बरोबर. फेसाळ, पाण्यासारखं आलं तर परत. आणि हे उघड्यावर, मोकळ्या हवेत करायला लाव, बंद खोलीत तुझ्यासमोर नको. क्षयाचा पेशंट असेल तर तुलाच लागण व्हायची. शौचाचं सॅम्पल लघवी किंवा पाणी न मिसळलेलं, त्यात रक्त किंवा शेंब दिसत असेल तर नेमका तोच भाग. वीर्य तासाभरात, अंगाजवळ धरून गरम ठेवून, निरोधमध्ये गोळा न करता आणायचं. पहिला भाग सांडला असेल तर तो तसा सांगायला लावायचा, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. हे विचारताना तू ओशाळलीस तर तो दुप्पट ओशाळेल. वेळ काय, आधीच्या वेळेपासून किती दिवसांचं अंतर, सांडलं का, इतकं कोरडं विचार, जसं बिलाचा नंबर विचारतात.

काम सोडावं का, असं विचारलंयस. तुझ्या पत्रात मला एक गोष्ट दिसली. पेशंटला अजून एक टोचणी नको, म्हणून रक्त ओतलं. चार पावलं नकोत, म्हणून टोपण घातलं. बोलणी नकोत, म्हणून सुईचं दडवलं. तिन्ही वेळा तू काहीतरी वाचवायला गेलीस. ही खोड मोडता येते. ज्यांना आजोबांच्या डोळ्यांतलं पाणी दिसतच नाही, त्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. सहा महिन्यांत मी तुला सोड म्हणणार नाही. एक महिना कुणा चांगल्या हाताच्या माणसाबरोबर फिर, रोज दहा सॅम्पल त्याच्यासमोर घे. थरथर पट्टा सोडायच्या क्षणी जास्त होते की सुई टोचायच्या, ते बघायला त्यालाच सांग, स्वतःला नाही दिसत ते.

शेवटी आजोबा काय म्हणाले, ते तू लिहिलं नाहीस. परत रक्त काढायला कोण गेलं होतं, तेही नाही. बहुधा तुला पाठवलं नसणार. ते अजून वॉर्डमध्ये असतील तर उद्या जा, रिकाम्या हाताने, ट्रे न घेता. आधीचं सॅम्पल माझ्या हातून बिघडलं म्हणून तुम्हाला परत टोचावं लागलं, एवढं सांग. आणि येताना लॅबमध्ये विचारून ये, त्यांचं खरं पोटॅशियम किती निघालं.